मुलांच्या कॉलेजात मुलींना प्रवेश द्यायचा आहे: जूनच्या आधी काय उभं राहायला हवं

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एक अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय आहे. कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखा आणि जोडून अकरावी-बारावी. पहिल्यापासून फक्त मुलं, मुलांचं वसतिगृहही आवारातच. पट घसरतोय म्हणून संस्थेने येत्या जूनपासून मुलींना प्रवेश द्यायचं ठरवलंय. विचारणारे सर कार्यकारिणीवर आहेत आणि त्यांचे प्रश्न तीन: परवानगी कोणाकोणाची लागते, स्वच्छतागृहाशिवाय आणखी काय करावं लागेल, आणि पालक मुली पाठवतील का.

सर, तुमचा खरा प्रश्न तिसरा आहे. पहिले दोन त्याच्याच पोटात येतात. बहुतेक संस्था ठराव करतात, जाहिरात देतात, आणि सोयींचं ‘मुली आल्या की बघू’ म्हणतात. हा क्रम उलटा आहे. बापाने प्रवेशाचा फॉर्म घ्यायला येऊन आवारात फेरी मारली की त्याचा निर्णय तिथेच होतो. खिडकीवर बाई आहे का, मुलींनी बसायचं कुठे, शेवटची गाडी किती वाजता, एवढं तो बघतो आणि विचारतो. पहिल्या वर्षी आलेल्या मुलींनी घरी जाऊन जे सांगितलं, त्यावर पुढची चार-पाच वर्षं ठरतात. म्हणून पहिल्या वर्षाचं माप ‘किती प्रवेश झाले’ हे धरू नका. ‘जुलैत आलेल्यांपैकी मार्चच्या परीक्षेला किती बसल्या’ हे धरा.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगते. तालुक्यात आधीपासून मुलं-मुली एकत्र शिकतात असं चांगलं कॉलेज असेल, तर मुली तुमच्याकडे का येतील याचं उत्तर विषयांत शोधावं लागेल. ज्यासाठी त्यांना परभणी, नांदेड किंवा लातूर गाठावं लागतं असं काही तुमच्याकडे हवं. नियमित नेमणुकीच्या महिला प्राध्यापक किती, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे वसतिगृह: ते आवाराच्या मधोमध आहे की एका कडेला, यावर निम्मं बांधकाम अवलंबून आहे.

आता परवानगी. तुमच्या जिल्ह्यात कागद दोन दिशांना जातात, आणि गफलत इथेच होते. वरिष्ठ महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं, त्याचे उच्च शिक्षण सहसंचालकही नांदेडलाच. अकरावी-बारावी मात्र छत्रपती संभाजीनगरच्या शिक्षण उपसंचालकांकडे आणि तिथल्याच विभागीय मंडळाकडे. एका कार्यालयाला पत्र दिलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं होत नाही.

विद्यापीठाच्या बाजूने काम तुलनेने सोपं आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात बृहत् आराखडा (नवी महाविद्यालयं कुठे हवीत याची विद्यापीठाची योजना), इरादापत्र (शासनाची प्राथमिक संमती) ही लांबची वाट नवं महाविद्यालय, नवा अभ्यासक्रम, विषय, विद्याशाखा किंवा जादा तुकडी यांच्यासाठी आहे. तुम्ही यातलं काही मागत नाही. मंजूर प्रवेशक्षमता आहे तीच राहते, मुली त्याच जागांमध्ये येतात. केवळ महिलांसाठी महाविद्यालय चालवायला कायद्यात मोकळीक आहे, केवळ पुरुषांसाठी तशी नाही, त्यामुळे तत्त्वाचा प्रश्न कोणी काढणार नाही. तरीही कलम ९७ खालच्या महाविद्यालय विकास समितीचा ठराव, त्यावर संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव, आणि दोन्ही जोडून संलग्नता विभागाला पत्र, असं करा आणि लेखी उत्तर घ्या. प्रत सहसंचालकांना. मूळ संलग्नतेच्या पत्रात ‘मुलांचे महाविद्यालय’ असं लिहिलेलं असेल तर पुढे शिष्यवृत्तीच्या किंवा परीक्षा अर्जाच्या वेळी कुणीतरी ते काढतंच.

अकरावीचं काम जास्त नाजूक आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. पोर्टलवर प्रत्येक महाविद्यालयाचा प्रकार नोंदलेला असतो: मुलांचं, मुलींचं की सहशिक्षण. तुमची जुनी नोंद तशीच राहिली तर मुलीला पसंतीक्रमात तुमचं नावच दिसणार नाही. तुम्ही गावोगाव फिरा, पत्रकं वाटा, स्क्रीनवर कॉलेज नाही म्हटल्यावर सगळं वाया. म्हणून यू-डायसमधली (शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीतली) नोंद आणि प्रवेश पोर्टलवरची नोंद, दोन्ही दुरुस्त झाल्याची छापील प्रत हातात घेतल्याशिवाय प्रचाराला बाहेर पडू नका. वरिष्ठ महाविद्यालयाची ‘आयशे’ची (केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाची) माहितीही त्याच वर्षी बदलून घ्या.

संस्थेची घटना काढून वाचा. उद्देशात ‘केवळ मुलग्यांचे शिक्षण’ अशी अट असेल तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० च्या कलम १२ प्रमाणे उद्देश बदलावा लागतो. त्याला दहा दिवसांची नोटीस देऊन विशेष सर्वसाधारण सभा, तीन-पंचमांश मतं, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन पुन्हा तेवढ्याच मतांनी कायम करणं, एवढं लागतं. नंतर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ९० दिवसांच्या आत. म्हणजे नुसत्या सभांना दीड महिना धरा. हे एप्रिलमध्ये आठवलं तर जून हातचा गेला. जमीन दानाची असेल तर दानपत्रही बघा. दात्याच्या वारसांनी ऐन प्रवेशाच्या वेळी हरकत घेतली की वकिलाची फी आणि गावात चर्चा दोन्ही वाढतात. संस्थेच्या नावात ‘मुलांचे’ असेल तर नाव बदलायचं काम पहिल्या वर्षी अंगावर घेऊ नका, ती वेगळी प्रक्रिया आहे आणि तिच्यावाचून काही अडत नाही.

पुढचा मुद्दा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे: मुली कुठल्या वर्गात किती. समजा पहिल्या वर्षी चाळीस मुली आल्या. त्या अकरावीच्या तीन शाखा आणि पदवीच्या तीन प्रथम वर्षांत पसरल्या की कुठे बारा, कुठे चार, कुठे दोन. ज्या वर्गात दोन आहेत तिथे एक आजारी पडली की दुसरी येत नाही. दोघींपैकी एकीचं लग्न ठरलं की दुसरी टीसी मागते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने १९६९ मध्ये पदवीला मुली घ्यायला सुरुवात केली तेव्हा वरच्या वर्गातल्या मुली बाराही निवासी महाविद्यालयांत वाटून टाकल्या. हेतू न्यायाचा होता, पण कित्येक वर्गांत एकटीच मुलगी बसायची आणि प्रत्येक चर्चेत ‘बायकांचं म्हणणं काय’ हे तिलाच विचारलं जायचं. आपल्याकडे कुणी तेही विचारणार नाही, मुलगी गप्प बसेल आणि दिवाळीनंतर दिसणार नाही.

म्हणून पहिल्या वर्षी सगळीकडे जोर लावू नका. कागदोपत्री प्रवेश सगळ्या वर्गांना खुला असेल, तो असायलाच हवा. पण तुमची माणसं, तुमची गावभेट, तुमचा प्रचार दोनच ठिकाणी लावा: अकरावीची एक शाखा आणि पदवी प्रथम वर्षाची एक शाखा. प्रत्येक ठिकाणी निदान वीस-पंचवीस मुली झाल्या की वर्गाचं वळण बदलतं. अकरावीच्या मुली दोन वर्षांनी तुमच्याच प्रथम वर्षात येतात. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्येही हेच. हजेरीपटावर आधी मुलं, मग मुली अशी यादी लावली की एखादी मुलगी मुलांच्या बॅचच्या शेपटाला लागते. एका बॅचमध्ये चार-पाच जणी एकत्र येतील अशी यादी हाताने लावा.

मुलींची वेगळी तुकडी किंवा सकाळचं वेगळं सत्र काढावं का, असंही कार्यकारिणीत कुणीतरी म्हणेल. पालकांना ते ऐकायला बरं वाटतं. पण शिक्षक तेच, प्रयोगशाळा तीच, त्यामुळे एकाच व्याख्यानाच्या दोन फेऱ्या होतात आणि कापाकापी नेहमी दुसऱ्या फेरीची होते. वेगळंच करायचं तर पूर्ण वेगळं करावं लागतं. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून मुलांची, मुलींसाठी शासनाने २०२३ मध्ये नाशिकला स्वतंत्र संस्था काढली. त्याच सुमारास, २०२२ मध्ये, खडकवासल्याच्या एनडीएने मुलींना त्याच प्रबोधिनीत घेतलं. दोन्ही वाटा आहेत. पण पहिल्या वाटेला स्वतंत्र इमारत, स्वतंत्र माणसं आणि शासनाचा पैसा लागतो. तुमच्यासारख्या संस्थेला दुसरीच परवडते.

आता आवार. स्वच्छतागृहाचं तुम्ही एका शब्दात उरकलंय, पण मी त्यावर थोडं रेंगाळणार आहे, कारण बांधून झालं म्हणजे झालं असं तिथे कधीच नसतं. बांधकामाच्या राष्ट्रीय मानकांत अनिवासी शिक्षणसंस्थेला २५ मुलींमागे एक शौचकूप धरतात. ८० मुली धरल्या तर चार. पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला ४५ लिटर, म्हणजे ३,६०० लिटर. आणि पाण्याची टाकी वेगळी हवी. वसतिगृह आणि स्वच्छतागृह एकाच टाकीवर असलं की सकाळी पोरांच्या अंघोळी होतात आणि दहा वाजता मुली येतात तेव्हा नळाला फुसफुस. मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये बोअर आटतो, आणि विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळ्यातच येतात. टँकर मागवाल तेव्हा पहिलं पाणी या टाकीत जाईल असं वसतिगृहाच्या रेक्टरला लेखी सांगा. पाणी नसलं की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग लघवीची जळजळ, ताप, गैरहजेरी, आणि कारण कुणाला सांगता येत नाही.

जागा कुठली? मागच्या भिंतीला, वसतिगृहाच्या बाजूला नको. तळमजल्यावर, प्राध्यापक-कक्षाच्या किंवा ग्रंथालयाच्या लगत, पण दार थेट मुलांच्या उभं राहायच्या व्हरांड्यात उघडणार नाही अशी. आडवी भिंत घातली तर हे साधतं. आतून घट्ट बसणारी कडी, पिशवी आणि ओढणी अडकवायला खुंटी, खिडकी डोक्याच्या वर, आत पाण्याचा नळ, झाकणाची बादली. एक खोली अपंग विद्यार्थिनीसाठी, रॅम्पसह. आणि सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट: कुलूप. ‘घाण होते’ म्हणून शिपाई कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. त्याच्याकडे किल्ली मागायला एकही मुलगी जात नाही. कॉलेजच्या वेळेत कुलूप लावायचं नाही, हा नियम प्राचार्यांच्या सहीने दारावर चिकटवा आणि सफाई दिवसातून दोनदा ठेवा.

पॅडच्या विल्हेवाटीसाठी बहुतेक ठिकाणी जाळायचं यंत्र घेतात. उद्घाटनाला फोटो निघतो, सहा महिन्यांत कॉइल जळते. कारण एकच: ठरल्यापेक्षा जास्त पॅड कोंबले जातात किंवा वीज मधेच जाते आणि अर्धवट जळलेलं आत चिकटून बसतं. शिवाय धुराची नळी छतावर नेलेली नसली तर वास वर्गात येतो. यंत्र घ्यायचंच असेल तर कामाचा ताबा एका सेविकेकडे द्या, तिला ते चालवायला शिकवा, आणि दुरुस्तीचा वार्षिक करार आधी करा. नाहीतर साधी सोय जास्त टिकते: प्रत्येक खोलीत पायाने उघडणारी झाकणाची बादली, भिंतीला जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे, आणि गुंडाळलेले पॅड रोज वेगळ्या पिशवीत नगरपरिषदेच्या घंटागाडीला. पॅडची पेटी मात्र लेडीज रूममध्ये ठेवा, कार्यालयात ठेवू नका.

लेडीज रूम म्हणजे उरलेली खोली असं समजू नका. खेड्यावरची मुलगी गाडीच्या वेळेने येते. तास अकराला असला तरी ती साडेनऊला दारात असते आणि शेवटच्या तासानंतर गाडीसाठी तासभर थांबते. ती खोली पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत उघडी हवी. पंखा, पिण्याचं पाणी, बसून डबा खाता येईल आणि वही लिहिता येईल असे बाक, आरसा, एक खाट.

आवारात आणखी एक फेरी मारा, सकाळी दहा वाजता, फाटकापासून वर्गापर्यंत मुलगी जशी चालेल तशी. वसतिगृहाचा नळ वाटेवर आहे का? बनियनवर दात घासणारी पोरं, कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल, फाटकाजवळ मोटरसायकलींना टेकून उभा असलेला घोळका. यात कुणाची चूक नाही, इतकी वर्षं ते त्यांचंच घर आहे. पण नळ मागे हलवावा लागेल, गाड्यांची जागा फाटकापासून लांब न्यावी लागेल, आणि वसतिगृहाचं येण्या-जाण्याचं दार शक्य असेल तर दुसऱ्या बाजूला काढावं लागेल. हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत गवंड्याकडून होतं.

माणसांकडे वळू. निदान दोन नियमित महिला प्राध्यापक, प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीवर एक महिला लिपिक, आणि एक सेविका. अनुदानित जागा तुमच्या हातात नाहीत हे खरं, म्हणून तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांच्या मानधनावर) का होईना पण महिला शिक्षक जूनच्या आधी नेमा. मात्र त्यांच्यावर एक गोष्ट ढकलू नका: लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीचं अध्यक्षपद. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयात अध्यक्ष सहयोगी प्राध्यापक दर्जाच्या खाली नसलेली महिला लागते. सोबत दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी, आणि बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती. एकूण सदस्यांत निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. विभागप्रमुखासारख्या वरिष्ठ पदावरच्यांना सदस्य होता येत नाही.

तालुक्याच्या कॉलेजात इथेच पेच पडतो: विषयाला एकच शिक्षक, म्हणून जो तो विभागप्रमुख. सहयोगी प्राध्यापक असलेली महिला तर बहुधा नाहीच. अशा वेळी संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयातल्या वरिष्ठ प्राध्यापिकेला नेमा. नियमात ही सोय आहे. दुसरं महाविद्यालय नसेल तर विद्यापीठाकडून लेखी मार्गदर्शन घ्या. आत्तापर्यंत तुमची समिती कागदावरच असणार, हे मी गृहीत धरते. बहुतेक पुरुष महाविद्यालयांत ती तशीच असते. मुलींचा पहिला तास होण्याआधी ती खरी करा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत देता येते, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, अहवालावर ३० दिवसांत कारवाई करायची असते. सदस्यांची नावं आणि फोन नंबर लेडीज रूममध्ये लावा. तक्रारपेटीही तिथेच. प्राचार्यांच्या केबिनबाहेर, सगळ्यांच्या नजरेसमोर टांगलेल्या पेटीत कुणी चिठ्ठी टाकत नाही.

एसटीचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात नाही, मे महिन्यात करायचं. आगार व्यवस्थापकांना गावनिहाय यादी द्या: कुठल्या थांब्यावर किती मुली, कॉलेज सुरू-सुटण्याची वेळ काय. अकरावी-बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. पदवीच्या मुलींना विद्यार्थी मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे एक-तृतीयांश भरायचं. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून काही घरं पास काढतच नाहीत. रोज येणाऱ्या मुलीला ते महाग पडतं आणि सुट्टे पैसे नाहीत म्हणून एखादा दिवस बुडतो. प्रवेशाच्या दिवशीच पासाचा अर्ज भरून घ्या. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या तालुक्यात असतील तर त्यांच्या वेळा बारावीपर्यंतच्या मुलींसाठी धरलेल्या असतात, पदवीचं वेळापत्रक त्यांच्याशी जुळवता येतं का ते बघा.

वेळापत्रक करणारे सर आधी विषय बघतात, मग वर्गखोल्या, गाडी कुणीच बघत नाही. शेवटची सोयीची गाडी पाचला असेल आणि प्रॅक्टिकल साडेपाचला संपत असेल, तर मुलगी प्रॅक्टिकल अर्धवट सोडते, जर्नल अपुरं राहतं, अंतर्गत गुण जातात. म्हणून बॅचेस हजेरी क्रमांकाने पाडू नका, मार्गाने पाडा. एका रस्त्यावरच्या गावांतल्या मुली एका बॅचमध्ये, आणि ती बॅच दुपारच्या आधी.

फीबाबत एक सावधगिरी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली, पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. गावात सगळ्यांना ‘मुलींना शिक्षण फुकट’ एवढंच माहीत असतं. पत्रकावर तसं सरसकट छापलं आणि बीएच्या मुलीकडून पैसे मागितले, तर खोटं बोललात असं होतं. त्यापेक्षा शाखेनुसार भरायची रक्कम आणि महाडीबीटीवरून (शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून) परत मिळणारी रक्कम, असे दोन आकडे छापा.

एनसीसी, एनएसएस आणि खेळ हे आता हौसेचे विषय राहिले नाहीत. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सहअभ्यासक्रमाला क्रेडिट आहेत. तुमच्याकडे एनसीसीचं फक्त मुलांचं सीनियर डिव्हिजन असणार. मुलींसाठी सीनियर विंगच्या जागा बटालियनकडे वेगळ्या मागाव्या लागतात, त्याला वेळ लागतो, अर्ज आत्ताच टाका. पोलीस भरतीच्या तयारीतल्या मुली आधी हेच विचारतात. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर मुक्कामी असतं, तेव्हा महिला कार्यक्रम अधिकारी किंवा सोबत महिला शिक्षक हवीच आणि पहिल्या वर्षी गाव जवळचं निवडा. कबड्डीचा संघ उभा करायला बारा जणी लागतात, म्हणून सुरुवात मैदानी स्पर्धांपासून करा.

मुलांशी आणि स्टाफशी बोलायचं राहून जातं. द्वितीय-तृतीय वर्षाच्या मुलांना आणि वसतिगृहाला मे-जूनमध्ये एकदा बसवून सरळ सांगा: काय बदलतंय, नळ का हलला, जिमच्या वेळा का वाटल्या. न सांगता बदललं की राग मुलींवर निघतो. स्टाफमध्ये अडचण बहुधा विनोदांची असते. इतकी वर्षं फक्त पोरांसमोर शिकवलेल्या सरांच्या तोंडी काही उदाहरणं बसलेली असतात, ती प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये नाव न घेता काढावीत. मुलींसाठी म्हणून वेगळे नियम करू नका: मोबाईल, पोशाख, व्हरांड्यात उभं राहणं. नियम हवा असेल तर सगळ्यांना. फक्त मुलींना लागू होणारा नियम म्हणजे काही घडलं तरी ‘तूच नियम मोडलास’ म्हणायची सोय, आणि मुली हे पहिल्या महिन्यात ओळखतात.

मुलींचं वसतिगृह पहिल्या वर्षी काढू नका. मुलांच्या वसतिगृहाचा एक मजला रिकामा करून मुलींना देणं तर मुळीच नको. स्वतंत्र फाटक, मुक्कामी महिला रेक्टर, सहा मुलींमागे एक शौचकूप आणि एक न्हाणी, एवढं जमेल तेव्हाच. तोपर्यंत समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहात किती जागा आहेत ते विचारून ठेवा आणि प्रवेशाच्या खिडकीवर त्याचे फॉर्म ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या अकरावी-बारावीच्या मुलींसाठी संत भगवान बाबा वसतिगृह तुमच्या तालुक्यात आहे का, तेही तिथेच कळेल.

गावभेटी फेब्रुवारी-मार्चमध्ये, दहावी-बारावीच्या शाळांत आणि संध्याकाळी गावात. बॅनर, सत्कार नको. दोन महिला शिक्षक आणि एक लिपिक जाऊ द्या. आई आणि आजी बोलतील अशी वेळ निवडा. त्यांना प्राचार्यांचं भाषण नको असतं, एक फोन नंबर हवा असतो. प्रत्येक मार्गाला एक शिक्षिका नेमून तिचा नंबर द्या.

आणि तोच नंबर उलट्या दिशेनेही चालला पाहिजे. सलग तीन दिवस गैरहजर म्हणजे घरी फोन, आठ दिवस म्हणजे घरी भेट. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा आणि दिवाळीनंतर लग्नसराईत, या दोन वेळी हजेरी रोज बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या महिलांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं होतं. तुमची अकरावीची मुलगी सोळाची असते. तिच्या लग्नाची कुणकुण लागली तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, आणि १०९८ वर फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. हे काम वर्गशिक्षकाच्या मर्जीवर सोडू नका, प्राचार्यांच्या टेबलावर त्या महिन्यांत दर शनिवारी गावनिहाय यादी आली पाहिजे.

तुमच्याकडच्या बसच्या वेळा, नियमित महिला प्राध्यापकांची संख्या आणि त्यांचा दर्जा, आणि आवाराचा साधा नकाशा पाठवलात तर पहिल्या वर्षी कुठल्या दोन वर्गांवर जोर द्यायचा आणि टाकी कुठे बसवायची, हे नेमकं सांगता येईल. घटनेची प्रत मात्र माझ्या उत्तराची वाट न बघता उद्याच वकिलाला दाखवा. दोन सभांमधला तो एक महिना कुणालाच कमी करता येत नाही.